आधी एक तार: बास गिटारपासून व्हर्च्युअल वाद्य बनवताना

बास गिटारचं सॅम्पलिंग करायला, म्हणजे तिचा एकेक स्वर मुद्रित करून कीबोर्डवर वाजणारं वाद्य बनवायला, बसलेला नवखा माणूस पहिली चूक करतो ती उत्साहाच्या भरात. चार तारा, वीस फ्रेट (मानेवरच्या, स्वर ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या). मोकळी तार धरली तर प्रत्येक तारेवर २१ जागा, एकूण ८४. प्रत्येक जागा हळू, मध्यम आणि जोरात अशी तीन प्रकारे वाजवायची आणि प्रत्येक प्रकार चार-चार वेळा घ्यायचा. झाले १००८ आवाज. एकेक आवाज आठ सेकंद वाजू द्यायचा म्हटलं तर नुसतं वाजणंच सव्वादोन तासांचं, आणि त्यात चुकलेले, खरखरलेले, बोट घसरलेले धरलेलेच नाहीत. मग ते हजार तुकडे कापायचे, त्यांना नावं द्यायची, कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवायचे. माझा पहिला प्रयत्न कापाकापीतच मेला. सहाशेच्या वर तुकडे एका फोल्डरमध्ये अजून पडून आहेत आणि त्यांतला एकही कधी वाद्य म्हणून वाजलेला नाही.

म्हणून या लेखात माझा एकच हट्ट आहे: आधी एक तार घ्या आणि तिचं शेवटपर्यंत वाजतं वाद्य करा. ई तार, मोकळी ते बारावा फ्रेट, दोन जोर, प्रत्येकी दोनदा. तेरा चोक बावन्न. एका संध्याकाळी रेकॉर्डिंग, दुसऱ्या संध्याकाळी कापणं आणि मांडणी. तिसऱ्या दिवशी ते वाजवून बघाल तेव्हा आपलं कुठं कुठं चुकलं ते कानच सांगतील, आणि बावन्न आवाज पुन्हा घ्यायला कुणाचं काही जात नाही.

सॅम्पलर करतो काय

मिडी (वाद्य आणि संगणक यांची आकड्यांची भाषा) कीबोर्डची पट्टी दाबली की संगणकाकडे मुख्यतः दोन आकडे जातात: कुठली पट्टी आणि किती जोरानं. पट्टीचा आकडा ० ते १२७, जोराचा १ ते १२७. (जोर शून्य आला तर त्याचा अर्थ पट्टी सुटली.) या दोन आकड्यांवरून कुठली ध्वनिफाइल वाजवायची ते सॅम्पलर ठरवतो. बाकी सगळी कलाकुसर या एका निवडीभोवती फिरते.

बासची मोकळी ई तार म्हणजे मिडीचा २८ क्रमांक, ४१.२ हर्ट्झ. ए तार ३३, म्हणजे ५५ हर्ट्झ. डी ३८, साधारण ७३.४, जी ४३, म्हणजे ९८. हे चार आकडे कागदावर लिहून समोर चिकटवा. स्वरांची नावं वापरू नका, कारण मिडीच्या ६० क्रमांकाला काही कंपन्या सी-३ म्हणतात आणि काही सी-४. त्यात बासचं नोटेशन प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहायची पद्धत. या दोन्ही भानगडींत सापडलेलं वाद्य पूर्ण सप्तकभर चुकीच्या जागी बसतं, आणि बासच्या बाबतीत ते चटकन लक्षातही येत नाही. नुसतं ‘काहीतरी पातळ लागतंय’ असं वाटत राहतं. आकड्यांना असली दोन नावं नसतात.

बास तयार करणं

तारा अगदी नव्या नकोत आणि मेलेल्याही नकोत. नव्या कोऱ्या राउंडवाउंड (गोल तारेनं वेढलेल्या) तारा पहिले काही तास झणझणीत वाजतात आणि वाजवता वाजवता त्यांचा चकचकीतपणा उतरत जातो. म्हणजे पहिला फ्रेट आणि बारावा फ्रेट यांचा पोत एकाच बैठकीत वेगळा पडू शकतो. तारा चढवून, ताणून, दोन-तीन दिवस वाजवून मग रेकॉर्डिंगला बसावं. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीनं वेढलेल्या) तारा या बाबतीत पुष्कळ शांत असतात. जुन्या धाटणीचा ठोस, गोल आवाज हवा असेल तर त्याच घ्या.

नंतर इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (बोट न दाबता, नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि त्याच जागी दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर एकच दिसला पाहिजे. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिजवरचं सॅडल मागे घ्यायचं, उतरा येत असेल तर पुढे. गाणं वाजवताना थोडाफार फरक कान माफ करतो. सॅम्पलमध्ये मात्र ती चूक कायमची गोठते आणि प्रत्येक वेळी तशीच परत येते.

बाकीच्या तीन तारा गप्प करा. ई तार छेडली की ए आणि डी तारा आपोआप कुजबुजू लागतात, आणि ती कुजबुज प्रत्येक फ्रेटला वेगळी असते. त्यांच्याखाली ब्रिजजवळ स्पंजचा तुकडा सारा किंवा त्या तिघींभोवती केसांचा जाड रबर गुंडाळा. खऱ्या वादनात ही सहकंपनं छान वाटतात हे खरं, पण सॅम्पलमध्ये ती पकडली की दोन स्वर एकावर एक आल्यावर चिखल होतो.

व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब पूर्ण उघडा आणि त्यांच्यावर चिकटपट्टी लावा. टोन उघडा ठेवायचा कारण वरचा चकाकता भाग नंतर केव्हाही कमी करता येतो, नसलेला आणता येत नाही. चिकटपट्टीचं कारण वेगळं. मनगट नॉबला घासतं, नॉब केसभर फिरतो, आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी. अॅक्टिव्ह (बॅटरी लागणारा) बास असेल तर बॅटरी नवी घाला. सगळं लावून झालं की मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा: नॉब कुठे, हात कुठे, स्पंज कुठे.

हा फोटो काढायची सवय मला महागात पडून लागली. एकदा अर्धं रेकॉर्डिंग करून मी थांबलो, मधल्या दिवसांत कार्यक्रमासाठी तारा बदलल्या आणि उरलेलं अर्धं नव्या तारांवर केलं. वाद्य तयार झाल्यावर सातव्या फ्रेटपर्यंत एक माणूस वाजवतोय आणि आठव्यापासून दुसरा, असं ऐकू यायचं. इक्वलायझरनं खूप मारामारी केली. शेवटी सगळं पुन्हा वाजवलं.

केबल, लेव्हल आणि ती गुणगुण

सुरुवातीला अॅम्पसमोर माइक ठेवायच्या फंदात पडू नका. बास थेट ऑडिओ इंटरफेसच्या (वाद्याचा आवाज संगणकात नेणाऱ्या पेटीच्या) इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावा. बहुतेक इंटरफेसवर हाय-झी किंवा गिटारच्या चित्राचं बटण असतं; ते दाबलेलं हवं. साध्या लाइन इनपुटचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) कमी असतो, त्यामुळे पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपचा, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाचा, वरचा आवाज खाल्ला जातो आणि बास ब्लँकेटमध्ये गुंडाळल्यासारखा वाजतो. कोरा, थेट आवाज हातात असला की अॅम्पचा रंग सॉफ्टवेअरनं नंतर कितीही वेगवेगळा चढवता येतो.

सेटिंग साधं: मोनो, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. यात एका सेकंदाला १ लाख ४४ हजार बाइट लागतात. म्हणजे आपले बावन्न आवाज आठ-आठ सेकंदांचे धरले तर साठ एमबी, आणि वरचा तो हजाराचा मनोरा सव्वा जीबीच्या आत. यापेक्षा मोठा सॅम्पल रेट घेऊन बासच्या खर्जाला काही मिळत नाही, असं माझं मत.

लेव्हल लावायची ती सर्वांत जोरात वाजवून. तुमचा सगळ्यात दणदणीत टंकार उणे आठ डेसिबलच्या आसपास टेकला पाहिजे. मग गेनला (इंटरफेसवरच्या लेव्हलच्या नॉबला) हात लावायचा नाही. हळू वाजवलेले आवाज मीटरवर खूप खाली दिसतील, दिसू द्या. २४ बिटमध्ये जागा भरपूर असते. मध्येच गेन वाढवलात तर हळू आणि जोरातचं नातं तुटतं, आणि वाद्याचा जिवंतपणा त्या नात्यातच असतो.

आता गुणगुण. सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप घरातल्या विजेची गुणगुण उचलतात. देशानुसार ती ५० किंवा ६० हर्ट्झची असते. गिटारवर हा नुसता उपद्रव असतो, बासवर तो थेट स्वरांच्या मध्ये येऊन बसतो. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी स्वर असतो ४९ हर्ट्झचा. वीज ५० हर्ट्झची असेल तर दोन्हींमध्ये फक्त एका हर्ट्झचा फरक, म्हणून तो स्वर सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. मला वाटलं होतं माझी तारच खराब आहे. दोन तारा बदलून झाल्यावर, बास हातात तसाच धरून खुर्ची गर्रकन फिरवली, तेव्हा ते डोलणं थांबलं.

उपाय तोच: स्क्रीनपासून आणि चार्जरपासून दूर बसा, डिमर असलेले दिवे बंद करा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि आवाज ऐकत ऐकत जागेवरच हळूहळू फिरा. एका कोनात गुणगुण सर्वांत कमी होते. त्या कोनात खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर खुणा करून ठेवा. दोन सिंगल-कॉइल असलेल्या जॅझ धाटणीच्या बासमध्ये दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवले की बहुधा एकाची गुणगुण दुसरा खोडतो. प्रिसिजन धाटणीच्या दोन भागांत फुटलेल्या पिकअपमध्ये ही सोय मुळातच असते.

वाजवणं

सॉफ्टवेअर कुणालाही शिकता येतं. अवघड असतं ते एकच काम बावन्न वेळा सारखं करणं.

हेडफोनमध्ये मेट्रोनोम ६० वर लावा, म्हणजे ठोक्याला एक सेकंद. पहिल्या ठोक्यावर तार छेडायची, नवव्या ठोक्यावर डावं बोट सैल करून ती थांबवायची, दहा-अकरा-बारा शांतता. मग पुढचा स्वर. बारा ठोक्यांचं एक आवर्तन. बावन्न आवाज साडेदहा मिनिटांत होतात. चुका धरून तासभर. फाइल एकच सलग घ्या. चुकलं तर थांबू नका, तारेवर बोटानं दोनदा टकटक करा आणि तोच स्वर पुन्हा वाजवा. (थेट केबल असल्यामुळे तोंडानं म्हटलेलं ‘हं’ मुद्रित होणार नाही. तरंगाच्या चित्रात ती टकटक लांबूनही दिसते.)

उजवा हात एकाच जागी हवा. ब्रिजकडे सरकलं की आवाज टोकदार होतो, मानेकडे सरकलं की गोल, आणि यातला दोन बोटांचा फरकही ऐकू येतो. अंगठा पिकअपवर टेकवा आणि बोटं जिथे तारेला लागतात तिथे बासवर छोटी चिकटपट्टी लावून घ्या.

प्रत्येक स्वर दोनदा घ्यायचा: एकदा तर्जनीनं, एकदा मधल्या बोटानं. बास वाजवणारे बहुतेक जण याच दोन बोटांनी आलटून-पालटून वाजवतात. सॅम्पलरमध्येही हे दोन आवाज पाळीपाळीनं वाजवले की एकच स्वर सलग आठ वेळा आला तरी मशीनगन वाजल्यासारखं वाटत नाही. दोन बोटांच्या आवाजात थोडा फरक राहणारच. तो झाकायचा प्रयत्न करू नका.

क्रमाबद्दल वाद आहेत. काही जण एका फ्रेटवर हळू, मध्यम, जोरात असं सगळं उरकून पुढे सरकतात. मी तसं करत नाही. आधी सगळे फ्रेट हळू, थोडी विश्रांती, मग सगळे फ्रेट जोरात. हाताला एक जोर लक्षात राहतो. दर स्वराला तो बदलायला लावला की सातव्या फ्रेटचं ‘हळू’ तिसऱ्या फ्रेटच्या ‘हळू’पेक्षा दुप्पट होऊन बसतं. मीटरवर एका फेरीतले सगळे शिखरबिंदू दोन-तीन डेसिबलच्या आत राहिले तर हात चांगला चाललाय म्हणायचं.

आणि ‘हळू’ म्हणजे कुजबुज नव्हे. आधी नेहमीची एखादी चाल दोन मिनिटं वाजवून मुद्रित करा आणि बघा तुमचं खरं हळू आणि खरं जोरात कुठे आहे. त्या मर्यादेबाहेरचे आवाज घेतले तर ते वाद्यात कुणी वापरत नाही.

प्रत्येक फेरीनंतर ट्यूनर बघायचा. जोरात छेडलेली तार पहिल्या क्षणी किंचित चढी लागते आणि मग खाली बसते. ताण वाढतो म्हणून हे होतं, त्यात दोष काही नाही. ट्यूनर बघताना स्वर बसल्यानंतरचा आकडा बघा. डावं बोट फ्रेटच्या लगेच मागे ठेवा, गरजेपुरतंच दाबा. घट्ट दाबलं की स्वर चढतो, आणि थकलेला हात नेमका घट्टच दाबतो. मींड नको, कंप नको. सरळ, बिनभावनेचा स्वर घ्या. भावना वाजवणारा नंतर घालेल.

नवव्या ठोक्याला बोट सैल करताना जो बारीक ‘थप्’ येतो, तो टाकून देऊ नका. पट्टी सोडल्यावर तो वाजवला की ऐकणाऱ्याला तिथे माणूस असल्यासारखं वाटतं. शेवटी घोस्ट नोट्स घ्या: डाव्या हातानं तार नुसती झाकून उजव्यानं छेडायची, म्हणजे स्वर न येता फक्त ठोका येतो. यांना स्वर जवळजवळ नसतोच, म्हणून चार-पाच जागा पुरतात, पण प्रत्येक जागी आठ-दहा वेळा वाजवा. बासच्या चालीत लय जी डोलते ती पुष्कळदा या मुक्या ठोक्यांवर.

उठण्याआधी कशालाही हात न लावता दहा सेकंदांची शांतता मुद्रित करा. गुणगुण किती आहे ते तपासायला ती लागते.

कापणं

सलग फाइल ऑडॅसिटी, रीपर किंवा तुम्ही जे वापरत असाल त्यात उघडा आणि एका स्वराची सुरुवात मोठी करून बघा. आधी एक बारीक उचकी दिसेल: ती बोट तारेवर टेकल्याची. मग काही मिलिसेकंद सपाट. मग एकदम उंच कडा: बोट तारेवरून सुटल्याची. कापायचं उचकीच्या नंतर आणि कड्याच्या एक-दोन मिलिसेकंद आधी, जिथे रेषा शून्यातून जाते तिथे. कड्यालाच कापलंत तर प्रत्येक स्वराआधी टिचकी ऐकू येईल. उचकीच्या आधी कापलंत तर वाद्य उशिरा बोलेल.

हा उशीर बासमध्ये फार नडतो. मोकळ्या ई तारेचं एक कंपन पूर्ण व्हायलाच २४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे स्वर कानाला कळायला मुळातच वेळ लागतो. त्यात एका फाइलला दोन मिलिसेकंदांची मोकळी जागा आणि दुसरीला वीसची असेल तर चाल लंगडते, आणि वाजवणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

शेवट सैल ठेवा. स्वराची आस जितकी खरी मुद्रित झाली तितकी राहू द्या आणि शेवटच्या शंभरेक मिलिसेकंदांत हलकेच विरू द्या. लूप करायच्या मागे नवख्यानं लागू नये. बासचा स्वर विरताना त्याचा रंगही बदलत असतो. मध्येच तो गोल फिरवला की ऑर्गन ऐकल्यासारखं वाटतं. पूर्वी सॅम्पलरची मेमरी तोकडी होती म्हणून लूप करणं भाग होतं. आज साठ एमबीसाठी कुणी तसं करत नाही.

इथेच सर्वांत मोठा मोह होतो: सगळ्या फाइली निवडून नॉर्मलाइझ करणे, म्हणजे प्रत्येकीचा आवाज एकाच कमाल उंचीला नेणे. करू नका. प्रत्येक फाइल वेगवेगळी उचलली की हळू आणि जोरात एकाच उंचीचे होतात आणि फ्रेटनुसार असलेला नैसर्गिक चढउतारही पुसला जातो. उंची वाढवायची असेल तर सगळ्यांना सारख्याच डेसिबलनं वाढवा. २५-३० हर्ट्झच्या खालचा भाग हाय-पास फिल्टरनं उडवायला हरकत नाही, हाताच्या हालचालींचा धप-धप आवाज तिथे असतो. नॉइज रिडक्शन मात्र अगदी चिमूटभर. जास्त केलं की विरणाऱ्या आसेत पाण्याखालून बोलल्यासारखी कुरकुर येते आणि ती मूळ गुणगुणीपेक्षा वाईट लागते.

नावं रोमन लिपीत, सगळी छोटी अक्षरं, मध्ये स्पेस नको. क्रम असा ठेवा: तार, दोन आकडी फ्रेट, मिडी क्रमांक, जोर, पाळी. छोट्या अक्षरांचा आग्रह एवढ्यासाठी की विंडोज मोठ्या-छोट्या अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स करतं. तुमच्याकडे वाजणारं वाद्य दुसऱ्याकडे मुकं होतं.

मांडणी

कॉन्टॅक्ट, डिसेंट सॅम्पलर असे पुष्कळ पर्याय आहेत. कॉन्टॅक्टमध्ये घरी बनवलेलं वाद्य नीट चालवायला पूर्ण, विकतची आवृत्ती लागते. मोफत प्लेअर ते डेमोसारखं थोडाच वेळ वाजू देतो. शिकायला मी एसएफझेड सुचवेन. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये लिहिता येते, आणि सफॉर्झांडो किंवा स्फीझ अशा मोफत प्लेअरमध्ये वाजते. काय कुठे बिघडलं ते वाचून कळतं, हा तिचा मोठा गुण.

एसएफझेडमध्ये प्रत्येक आवाजासाठी एक ‘रीजन’ लिहायचा. त्यात सॅम्पल म्हणजे फाइलचं नाव. लोकी आणि हायकी म्हणजे कुठल्या पट्टीपासून कुठल्या पट्टीपर्यंत. पिच-कीसेंटर म्हणजे मुद्रित स्वराचा खरा क्रमांक. लोव्हेल आणि हायव्हेल म्हणजे कुठल्या जोरापासून कुठल्या जोरापर्यंत. उदाहरणार्थ ई तारेचा तिसरा फ्रेट: पट्टी ३१ ते ३१, केंद्र ३१. हळूचा रीजन जोर १ ते ८०, जोरातचा ८१ ते १२७. फाइलमध्ये ही नावं अर्थातच रोमन अक्षरांत, बरोबर चिन्ह देऊन आणि पुढे आकडा असं लिहायचं. बावन्न रीजन हातानं लिहिता येतात. निम्मे कॉपी करून आकडे बदलायचे असतात.

तर्जनी आणि मधलं बोट पाळीनं वाजण्यासाठी दोन्ही रीजनमध्ये सीक्वेन्सची लांबी २ लिहायची आणि एकाला जागा १, दुसऱ्याला २ द्यायची. पट्टी सोडल्यावर आवाज कापल्यासारखा थांबू नये म्हणून अॅम्प्लिट्यूड एन्व्हलपचा रिलीज ०.१ सेकंदाच्या आसपास ठेवा. ‘थप्’च्या फाइलींना ट्रिगर रिलीज द्या आणि त्यांची पातळी बरीच खाली ओढा. आपल्याला त्या जेमतेम ऐकू आल्या पाहिजेत.

आता तारेची मर्यादा शिकवायची. खऱ्या ई तारेवर एका वेळी एकच स्वर वाजतो. नवा आला की जुना बंद. ‘थप्’चे सोडून बाकी सगळ्या रीजनना एकच ग्रुप क्रमांक द्या आणि ‘ऑफ-बाय’मध्येही तोच क्रमांक लिहा. एवढ्या एका गोष्टीनं वाद्य पियानोसारखं न वाटता बाससारखं वाटू लागतं.

दोन जोरांच्या सीमेवर आवाज एकमेकांत मिसळून पुढे न्यावेत असं सुचवणारे भेटतील. खर्जात ते जमत नाही. एकाच स्वराची दोन वेगळी मुद्रणं एकत्र वाजली की त्यांची कंपनं कुठे जुळतात, कुठे एकमेकांना खोडतात, आणि बासचं पोटच नाहीसं होतं. सरळ उडी घेऊ द्या. उडी फार जाणवली तर हळू रीजनची पातळी दोन-तीन डेसिबल वर घ्या, किंवा पुढच्या वेळी मधला तिसरा जोर मुद्रित करा.

ट्यूनिंगची उरलेली चूक ध्वनिफाइलला हात न लावता सुधारा. रीजनमध्ये ‘ट्यून’ लिहून तीन-चार सेंट (अर्धस्वराचे शंभरावे भाग) वर-खाली करता येतात.

तपासायचं कसं

चार गोष्टी वाजवून बघतो. एकाच पट्टीवर सोळा सलग ठोके: मशीनगन ऐकू येते का. एकाच जोरानं खालून वर प्रत्येक पट्टी: एखादा फ्रेट अचानक मोठा, मऊ किंवा उशिरा येतो का. एकाच पट्टीवर जोर हळूहळू वाढवत: उडी कुठे ऐकू येते. आणि किक ड्रमबरोबर एक साधी चाल, कारण एकट्यानं भारदस्त वाटणारा बास किकबरोबर कधीकधी गडपच होतो. हेडफोन आणि मोठे स्पीकर दोन्हींवर ऐका. लॅपटॉपच्या स्पीकरवर ४१ हर्ट्झ वाजतच नाहीत. तुम्ही ऐकता ते वरचे स्वरांश.

एका तारेवरून चारांवर

इथे एक प्रश्न येतो जो पियानोवाल्याला कधी पडत नाही. ५५ हर्ट्झचा ए मोकळ्या ए तारेवरही आहे आणि ई तारेच्या पाचव्या फ्रेटवरही. पट्टी एकच, क्रमांक ३३. वाजवायचा कुठला? मोकळी तार उघडी, टणटणीत; पाचव्या फ्रेटचा जाड, दबका.

सोपा मार्ग म्हणजे खालच्या जागा पकडणं: २८ ते ३२ ई तार, ३३ ते ३७ ए, ३८ ते ४२ डी आणि ४३ पासून वर सगळं जी तारेवर, वीस फ्रेट असतील तर ६३ पर्यंत. पण यात मोकळ्या तारा पुढे येतात आणि सगळं फार उजळ लागतं. मला ई तार सातव्या फ्रेटपर्यंत नेलेली आवडते. दोन्ही हवं असेल तर अगदी खालच्या, बासच्या पल्ल्याबाहेरच्या पट्ट्या कीस्विच म्हणून वापरा: एक दाबली की ‘मोकळी’ मांडणी, दुसरी दाबली की ‘वरची’. या पट्ट्या १२ ते २० च्या दरम्यान ठेवा. पुढेमागे पाच तारांचा बास घेतलात तर त्याची खालची बी तार २३ क्रमांकावर येते, आणि कीस्विच याहून वर ठेवले असतील तर तिच्या आड येतील.

चारही तारा करताना दर फ्रेट घेणं झेपत नसेल तर एकाआड एक घ्या. शेजारच्या पट्टीवर एक अर्धस्वर ताणलेला आवाज सुमारे सहा टक्के जलद किंवा संथ वाजतो आणि बासवर ते खपतं. त्यापुढे ताणाल तर टंकाराचा आवाज खेळण्यातला वाटू लागतो. हीच युक्ती उलटीही चालते: प्रत्येक पट्टीसाठी शेजारच्या फ्रेटचा आवाज अर्धस्वर सरकवून तिसरी पाळी म्हणून लावा. एकही नवा स्वर न वाजवता पाळ्या वाढतात.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास पुष्कळ बासना एक मेलेली जागा असते. तिथे स्वर लवकर विझतो, कारण मानेचं लाकूड त्या कंपनाची ऊर्जा पिऊन टाकतं. ती ठेवावी की नाही? थोडी असेल तर मी ठेवतो, त्या बासचा तो स्वभाव असतो. पण स्वर एका ठोक्यातच गतप्राण होत असेल तर शेजारचा फ्रेट सरकवून तिथे बसवतो.

दुसऱ्यांना द्यायचं असेल तर

आवाज सगळे तुमच्या बोटांचे असले पाहिजेत. विकतच्या लायब्ररीतले तुकडे घेऊन नवी लायब्ररी बनवायला त्यांचे परवाने साधारणपणे मनाई करतात. गाण्यांतून उचललेल्या आवाजांचं तर बोलायलाच नको. वाद्याच्या नावात बासच्या कंपनीचं नाव घालू नका, ‘जुना चार तारी, फ्लॅटवाउंड’ असं काही लिहा. सोबत एक छोटी मजकूर फाइल ठेवा: कुठल्या प्रकारचा बास, कुठल्या तारा, कुठला पिकअप, आणि वापरण्याच्या अटी. कुठलीच अट नको असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचं सीसी-झिरो पुरेसं आहे.

डब्ल्यूएव्ही फाइली फ्लॅकमध्ये बदलल्या तर आकार बराच उतरतो आणि आवाजातलं काहीही जात नाही. वर सांगितलेले दोन्ही एसएफझेड प्लेअर त्या वाचतात. एसएफझेड फाइलमध्ये आपल्या संगणकावरचा पूर्ण पत्ता लिहू नका, फक्त शेजारच्या फोल्डरचं नाव आणि पुढे सरळ तिरकी रेघ. मग सगळं झिप करून एखाद्या मित्राच्या संगणकावर उघडा आणि प्रत्येक पट्टी, दोन्ही जोरांनी, एकदा दाबून बघा. एखादी मुकी निघतेच.